पोरगी आईला, पोरगा बापाला

४ डिसेंबर

सकाळच्या दुधाच्या गर्दीत फोन वाजला. नंबर पाठ, नाव मात्र मी कधीच पुसून टाकलेलं. उचलला नाही. परत वाजला. दूध संकलन केंद्रावर कॅनची रांग, मशीनमध्ये नमुना, मागून कुणीतरी "ताई, आमचं फॅट बघा की" करत. तिसऱ्यांदा उचलला.

"कागद लागतोय," द. म्हणाला. कशी हायस नाही, पोरगी कशी हाय नाही. थेट कागद.

"कसला? फारकत झाली की दोन वर्षांखाली. बाँडवर. पंचांच्या सह्या हायेत, तुझी हाय, माझी हाय."

"ती चालत न्हाई म्हणतेत पोरीकडचे. कोर्टाची पायजे."

म्हणजे लग्न करतोय. करू दे बापडा, माझ्या काय पोटात दुखतंय. तरी सकाळभरात दोघांचं फॅट उलटसुलट लिहिलं आणि बोलणी खाल्ली.

(इथं सुद्धा नवऱ्याचं नाव पूर्ण लिहायला हात होत नाही. द. पुरे.)

५ डिसेंबर

आबांना सांगितलं. शेळ्या बांधत होते, मान वर केली नाही.

"दे काय सही पायजे ती. एकदाचं मिटीव."

त्यांचं दुखणं मला कळतं. द.ची आई म्हणजे आबांची सख्खी बहीण, माझी गोदाआत्या. मामाची पोरगी म्हणून मी पाळण्यात असतानाच त्या घरात ठरले. मी तिकडून निघाले तशी आबांची बहीण पण गेली. दोन राख्या झाल्या, ती शिरूरला आली नाही, हे दिंद्रुडला गेले नाहीत. माय असती तर तिनं काहीतरी केलं असतं.

मिटीव म्हणे. पंचांच्या बैठकीत पण सगळ्यांच्या तोंडी हेच. तासाभरात मिटवलं होतं. पोरगी आईला, पोरगा बापाला. शेळ्यांच्या वाटणीत पाट म्हणजे मादी तुला, बोकड मला करतात तसं. ऋतू तेव्हा नऊची, ओम पाचाचा. मी ओरडले होते बैठकीत, ओम मला पण पायजे म्हणून. एक म्हातारा म्हणाला, "बाई, असंच असतंय, रीत हाय." झालं. रीत म्हटलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

११ डिसेंबर

बीड. वकीलबाईंकडं. तरण्या आहेत, माझ्याहून लहान असतील, पण डोळ्यात डोळे घालून बोलतात.

बाँड बघितला, परत माझ्या हातात दिला. "याला कोर्टात किंमत नाही, रेखाताई. तुम्ही आजही त्यांच्या कायदेशीर पत्नी आहात."

आगं बया. दोन वर्षं मी काय समजून बसले होते. कपाळाला टिकली लावायची का नाही यावरून गावानं माझं डोकं खाल्लं आणि कागद निघाला रद्दी.

मग कसं ते सांगितलं. दोघांच्या संमतीनं अर्ज. एकदा जजसाहेबांसमोर उभं राहायचं, मग सहा महिने थांबायचं, परत उभं राहायचं. दोघांचं "हो" कायम असलं तर सुटका. आम्ही इतके दिवस वेगळे राहतोय तर सूट मागता येते म्हणाल्या, पण लेकरं लहान असली की साहेब घाई करत नाहीत.

"कारण काय लिहू?"

"अबोला."

त्यांना हसू आलं. मला नाही आलं. तीन वर्षं एका घरात राहून आम्ही बोललो नाही. ताट सरकवायचं, गाडीची चावी खुंटीला अडकवायची, ज्यानं त्यानं आपलं आपण. शेवटी एकदाचं तोंड उघडलं ते भांडायला. त्यानं हात उचलला, मग मी पण उचलला. दोन्ही लेकरं दारात उभी. दुसऱ्या दिवशी मी निघाले.

"स्वभाव जुळत नाहीत" असं लिहिलं त्यांनी. लिहू दे.

"मुलांचं काय ठरलंय?"

"ठरलेलंच हाय. पोरगी माझ्याकडं आन पोरगा..." इथं माझं तोंड बंद पडलं. मनात काही ठरवून गेले नव्हते, खरंच नव्हते. पण तोंडातून निघालं, "दोघं एकत्र ऱ्हातील असं लिवा."

"कुणाकडे?"

"माझ्याकडं. पर आधी एकत्र लिवा."

"ते कबूल होतील?"

"कागद त्याला पायजे. मला नको."

बाहेर आले ती स्टँड सोडून भलत्याच रस्त्याला लागले. आनंदानं का भीतीनं, काय माहीत.

२६ डिसेंबर

एकादशी. नारायणगड. पंचांनीच लावून दिलेलं, महिन्यातून एकदा गडावर लेकरांची भेट. मी ऋ.ला घेऊन जाते, तो ओ.ला. दोन वर्षं एकदाही चुकलं नाही, एवढं मात्र त्याचं मानावं लागेल.

लेकरं दर्शन झाल्या झाल्या पसार. मी आणि तो पायरीवर, मध्ये चार हातांचं अंतर. लग्नाआधी मी त्याला अरेतुरे करायचे, लग्नानंतर अहो केलं, आता परत अरेतुरे. जीभ पण वैतागत असेल.

"ओम माझ्याकडं येणार आसंल तर सही. न्हाई तर तुझं लगीन तू बघ."

"आईला काय सांगू? तिचा जीव हाय त्याच्यात."

"आन माझा काय दगडात हाय?"

गाडीची चावी बोटावर फिरवत बसला. नेहमीचंच.

निघताना ओ. पाया पडला माझ्या. कुणी शिकवलं असेल. पाया पडला आणि ऋ.ला म्हणाला, "शिरूरची आई ह्या वेळी लाडू न्हाई आणली." शिरूरची आई. पोटच्या पोराला मी गावाच्या नावानं ओळखीची.

घरी येऊन भाकरी थापताना रडले. ऋ.नं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

२ जानेवारी

द.चा फोन. "लिव तुला काय लिवायचं ते. कबूल हाय."

मला वाटलं होतं चार महिने झुलवेल. पेढे आणले केंद्रावर, कशाचे ते कुणाला सांगितलं नाही. गाय व्याली म्हणाले.

४ जानेवारी

कळलं का कबूल झाला ते. वकीलबाईंकडं दोघं सह्यांना गेलो होतो, तिथं बोलता बोलता बोलून गेला. पोरीकडचे म्हणतात, पोरगं आईकडं गेलं तर बरं, आमची पोरगी पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचं लेकरू कशी सांभाळेल.

अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्यासाठी दोन वर्षं माझा जीव तुटला ते मला मिळतंय, पण कावून? तर कुणाला तरी नको झालंय म्हणून. माझं लेकरू म्हणजे काय फुटकं भांडं आहे का?

सही केली. कसं का होईना, येतोय ना.

१७ जानेवारी

कोर्ट. आमचा नंबर दुपारी लागला. साहेब वयस्कर, आवाज मऊ. दोघांना विचारलं, कुणाचा दबाव? नाही. परत नांदायचा विचार? नाही. अर्जातलं मुलांचं कलम वाचून दाखवलं, दोन्ही अपत्ये एकत्र व आईकडे राहतील, वडिलांस भेटीची मुभा राहील. मान्य? मान्य. मान्य.

मला नवऱ्याचं नाव विचारलं. पूर्ण नाव घेतलं, पहिल्यांदा, भर कोर्टात. कुठलं आभाळ कोसळलं? काही नाही.

सहा महिन्यांनी या म्हणाले. जुलैतली तारीख.

बाहेर द.नं चहा आणला दोन. घेतला मी. लहानपणी आम्ही दोघं आत्याच्या चुलीपाशी एका बशीत चहा प्यायचो. तेवढ्यावरच ठेवलं असतं थोरामोठ्यांनी तर आज आम्ही एकमेकांचे सख्खे असतो.

"आत्याला सांगितलंस?"

"सांगतो."

"ओमला?"

"सांगतो म्हणलं ना."

२२ फेब्रुवारी

दूध कमी व्हायला लागलं. ऊन आत्तापासूनच. ऋ.ला चाचणीत गणितात पैकीच्या पैकी, मराठीत काठावर. ओ.साठी लोखंडी कॉट बघून ठेवली. आबा म्हणाले, "आजून लई येळ हाय." असू दे. बघायला काय जातंय.

एकादशीला गडावर गेलो. ओ.चा दात पडलाय.

१९ मार्च

काही नाही. कंटाळा. ऊन. टँकरवर भांडण, माझं नाही.

३ मे

ओ. आला! पूर्ण सुट्टी इथंच. द. मोटरसायकलवर सोडून गेला, पाणी पण न पिता. आबांनी ओ.ला उचलून घेतलं आणि खाली ठेवायलाच तयार नाहीत. "लई जड झालास रं" म्हणत होते आणि डोळे पुसत होते.

रात्री तिघं एका सतरंजीवर. एक हात इकडं टाकला की ऋ., तिकडं टाकला की ओ. मला झोप नको होती.

५ मे

रांजणापाशी उभा राहून विचारतो, "मी पाणी घेऊ का?"

"घे की बाळा, तुझंच घर हाय."

"बरं," म्हणाला. दुपारी परत, "पाणी घेऊ का?"

९ मे

हट्ट नाही, रडणं नाही, सांडलवंड नाही. जेवलेलं ताट स्वतः उचलून ठेवतो. रोज सकाळी कपडे घडी करून पिशवीत परत भरतो. मी कपाटात लावले, ह्यानं गुपचूप काढून पिशवीत ठेवले. शेजारीण म्हणते, किती गुणाचं पोरगं. मला धडकी भरते. सात वर्षांचं लेकरू आईच्या घरात पाहुण्यासारखं वागतंय आणि लोक मला पोरगं गुणाचं म्हणून सांगतात.

ऋ.बरोबर मात्र तो वेगळाच. दोघं चिंचेखाली भांडतात, केस ओढतात, शिव्या सुद्धा देतात. मी गेले की गप. मी मुद्दाम जात नाही. भिंतीआडून ऐकत बसते.

१४ मे

ओ. भात ठेवून उठतो रोज. आज आत्याचा फोन आला ऋ.च्या हातात, म्हणजे माझ्याच मोबाईलवर. ओ. तिच्याशी बोलला. तिकडं हा नुसता धबधबा. शेळीला पिल्लू झालं, आबा असं म्हणाले, ऋतूदीनं ढकललं. माझ्याशी दिवसात दहा शब्द.

मग म्हणाला, "आजी तुला मागती."

दोन वर्षांनी आवाज ऐकला. थकलेला वाटला.

"रेखे, त्यो भात खात न्हाई. दुधात भाकर कुस्करून दे. तुला बी तशीच लागायची."

"बरं आत्या."

फोन तिनंच ठेवला.

रात्री भाकर कुस्करून दिली. वाटी चाटूनपुसून खाल्ली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण. आणि जळजळ पण झाली, खोटं कशाला लिहू.

२८ मे

आज सगळंच फुटलं.

ओ. माझ्याजवळ आला, आपणहून, म्हणून मी खूष. म्हणाला, "शाळा कधी सुरू होती? मला पप्पा कधी न्यायला येणार?"

म्हणजे द.नं सांगितलंच नाही. त्याला वाटलं मी सांगेन. मला वाटलं त्यानं सांगितलं. सहा महिन्यांत कलमं लिहिली, सह्या केल्या, साहेबांपुढं मान्य मान्य म्हणालो, आणि ज्याच्यासाठी हे सगळं त्याला आम्हा दोघांतल्या एकानंही एक शब्द सांगितला नाही.

सांगितलं मग. जवळ घेऊन. पावसाळ्यात कोर्टाचं काम झालं की तू कायमचा इथं येणार, ऋतूदीजवळ, माझ्याजवळ. आजीला भेटायला जाऊच की आपण.

रडला नाही. मी वाट बघत होते रडेल म्हणून. उठला आणि आबांच्या शेळ्यांत जाऊन बसला. दिवे लागेपर्यंत तिथंच.

ऋ. माझ्यावर तुटून पडली. "मला बी असंच आणलंतंस! 'चल, आबाकडं दोन दिस जाऊ' म्हणलीस. माझी वह्या-पुस्तकं तिकडंच ऱ्हायली. आजीला मी जाते म्हणून बी सांगितलं न्हाई!"

"आगं मग काय करायला पायजे होतं मी? मार खात बसायला पायजे होतं?"

"मी तसं म्हणली का? इचारायचं तरी!"

"नऊ वर्षांच्या पोरीला काय इचारायचं?"

"आता अकराची हाय. आता तरी कुठं इचारलंस?"

थोबाडीत द्यायला हात वर गेला माझा. दिली नाही. ती हलली पण नाही, नजर तशीच माझ्यावर. माझीच पोरगी.

१० जून

द. ओ.ला न्यायला आला. शाळा तिकडं सुरू होतेय, निकालानंतर दाखला काढून इकडं आणायचं असं ठरलेलं.

ऋ. तिची पिशवी भरून दारात. "मी बी जाते."

"कुठं?"

"ओम्याबरुबर. तूच लिवून घेतलंस ना कोर्टात, दोघं एकत्र. मग मी तिकडं जाते. आजीकडं."

द. माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. एकाला वाटेला लावतोय तर दोन व्हायला लागली ना.

"आगं तिकडं आता..." म्हणाला आणि गाडीचा आरसा नीट करायला लागला.

आबांनी तिला हाताला धरून आत नेलं. ओ. मोटरसायकलवर मागं वळून बघत गेला. घराकडं नाही, ऋ.कडं.

११ जून

ऋ. जेवली नाही. मी पण नाही. आबा एकटे जेवले आणि म्हणाले, "दोघी सारख्याच कडू हाईत."

१२ जून

डोक्यात एकच. हे आत्यानंच शिकवलं. सुट्टीभर फोन चालले होते ना, तेव्हाच कान भरले पोरीचे. केंद्रावरूनच लावला फोन आणि बोलले, लई बोलले. तू माझं घर कधी होऊ दिलं नाहीस, तुझ्या पोराला बोलायला शिकवलं नाहीस, आता माझी पोरगी पण पायजे का तुला. दूध घालायला आलेली माणसं कॅन धरून ऐकत उभी. ऐकू देत.

ती मध्ये एकदाही बोलली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "रेखे, मी कशाला शिकवू? नवी सून येणार. त्या घरात माझंच काय व्हतंय मला ठावं न्हाई. दत्त्या म्हणतो, तू वरच्या खोलीत ऱ्हा. मी कुणाची लेकरं मागू?"

मग म्हणाली, "ओम जाणार ते मला गल्लीतल्या बाईकडून कळलं. पोटच्या पोरानं न्हाई सांगितलं. तू तरी सांगायचंस."

मी नुसतं "आत्या" म्हणाले.

३० जून

पेरण्या झाल्या लोकांच्या. ऋ. बोलते, पण कामापुरतं. दप्तर दे, ताट दे. हा आमच्या घराण्याचा अबोला कुठून उतरला हिच्यात, आता कुणाला विचारू. मला तो ओळखीचा वाटतो म्हणून जास्त भीती वाटते.

५ जुलै

वकीलबाईंना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी.

म्हणाल्या, कायद्यानं तुमचं काम सोपं आहे. अर्ज आहे तसा आहे, दोघांची संमती आहे. साहेबांनी विचारलं तर फक्त "मान्य आहे" म्हणा. दोन्ही मुलं तुमच्याकडे. कलम बदलायचं म्हटलं तर परत दोघांची सहमती पाहिजे, आणि एक जण फिरला तर हा अर्जच उभा राहत नाही. मग भांडणाचा दावा. वर्षं जातात.

"तुम्हाला काय हवंय?"

दोन्ही लेकरं पायजेत. हे काय विचारणं झालं? पण मला पाणी घ्यायला परवानगी मागणारं पोरगं नको. पिशवी भरून दारात उभी राहणारी पोरगी नको. हे कलमात कसं लिहायचं ते सांगा म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवला.

८ जुलै

द.चा फोन. लग्नाचा हॉल ठरलाय. "तारखेला नाटकं करू नको. लेकरं तुला पायजे होती, दिली. आता मागं सरलीस तर मी बी मग पोरगी मागतो बघ. दोन्ही मागतो."

मागणार कुठला. ठेवणार कुठं? पण चिडलं माणूस काय पण करतं. मी पण करते, मला माहीत आहे.

१४ जुलै

आबांना म्हणाले, तारखेला ऋ.ला घेऊन चला बीडला. त्यांनी विचारलं कशाला. मला पण नीट सांगता येईना. आत्याला फोन केला, ओ.ला घेऊन ये. तिनं काही विचारलं नाही. येते म्हणाली.

१८ जुलै

बीड, बसस्टँड. इथंच लिहितेय, घरी जाईपर्यंत धीर नाही. अक्षर वाकडं येतंय.

कोर्टाच्या व्हरांड्यात गेले तर बाकड्यावर आबा आणि आत्या. एकाच बाकड्यावर, दोन टोकांना, मध्ये दोन्ही लेकरं. दोघं भाऊ-बहीण बोलत नव्हते, पण आत्यानं डबा उघडून आबांच्या पुढं सरकवलेला आणि आबा त्यातलं खात होते. द. जिन्यापाशी, सोबत पोरीचा बाप आणि मामा. पांढरे कपडे, घड्याळ बघणं चालू.

पुकारा झाला. आत गेलो. तेच साहेब. द.ला विचारलं, संमती कायम? कायम. मुलांबाबतच्या अटी मान्य? मान्य.

मग माझ्याकडं. संमती कायम? कायम, म्हणाले. त्यात मला शंका नाही, मी त्या घरात परत जाणार नाही. अटी मान्य?

मान्य म्हटलं की संपलं होतं. दोन्ही लेकरं माझी, कागदावर, शिक्क्यानिशी. बैठकीत हिसकावलेलं सगळं परत. वकीलबाई माझ्याकडं बघत होत्या, हो म्हणा, हो म्हणा.

मी म्हणाले, "साहेब, एक तारीख द्या."

"का? अटी मान्य नाहीत?"

"हायेत. अटी माझ्याच हायेत. पर लेकरांना इचारायचं ऱ्हायलं. आदी बैठकीत ऱ्हायलं, मग इथं बी ऱ्हायलं."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, मुलांवर दबाव आणायचा नाही, दोघांपैकी कुणीही नाही. पुढच्या तारखेला मुलांना घेऊन या, मी चेंबरमध्ये त्यांच्याशी बोलेन. तारीख दिली.

बाहेर द. पांढराफटक. "माझं वाटोळं केलंस." पोरीचा मामा म्हणाला, कसली बाई हाय ही. मी म्हणाले, हीच हाय, बघून घ्या. द. त्यांच्या मागं मागं जिना उतरून गेला, आईला घेऊन जायचं पण त्याच्या ध्यानात राहिलं नाही. तो खवळून उद्याच दावा टाकेल, नाही तर ते लग्न मोडेल आणि मग कसली संमती नि कसलं काय. पुढच्या तारखेला तो येईल का ते सुद्धा मला माहीत नाही.

वकीलबाई चिडल्यात माझ्यावर, पण जाताना ऋ.च्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

मग आम्ही पाच जण चालत स्टँडवर आलो. दिंद्रुडकडची गाडी लागायला वेळ होता, शिरूरची पण. ओ. म्हणाला, "आज कुणीकडं जायचं?" उद्या रविवार नाही, शाळा आहे, दिंद्रुडलाच जायला पाहिजे त्यानं, तोंडावर येत होतं. पण मी खाली बसले त्याच्यासमोर, फरशीवरच, आणि म्हणाले,

"आज तर आजीबरुबर जा, शाळा हाय. पर पुढं, कायमचं. तुला कुठं ऱ्हायला आवडंल? तू सांग. ऋतू, तू बी सांग. घाई न्हाई, आजच न्हाई, पर सांगा."

"एवढ्याशा जिवाला काय इचारती," आत्या म्हणाली. पण तिनं थांबवलं नाही.

बरोबर केलं का? हे ओझं मोठ्यांनी उचलायचं का सात वर्षांच्या लेकरानं? मला ठाऊक नाही. न विचारता काय होतं तेवढं ठाऊक आहे.

ऋ. म्हणाली, "आदी ओम्याला सांगू दे." आणि त्याचा हात धरून बसली.

आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं त्यानं, आजीकडं, आबांकडं, माझ्याकडं. मग हळूच म्हणाला,

"मी सांगितलं तर कुणी रडणार न्हाई ना?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. आबा उठून गाड्यांच्या पाट्या वाचत उभे राहिले, त्यांना वाचता येत नाही. ओ. माझ्याकडं बघतोय. अजून बघतोय. मी पिशवीतून ही वही काढली, एक मिनिट थांब बाळा म्हणाले आणि लिहीत बसलेय. त्याला सांगायचंय की नाही रडणार, कुणीच नाही रडणार. ते म्हणता आलं की वही मिटवते.